पिचरला कुणी विचारलं?

बोस्टनच्या रॉक्सबरी भागात मायकेल मॅकग्रीव्ही या आयरिश वंशाच्या माणसाने १८९४ साली एक बार उघडला आणि त्याचं नाव ठेवलं ‘थर्ड बेस’. बेसबॉलमध्ये तिसरा बेस गाठला की पुढे होम. तसा हा बार म्हणजे घरी जाण्याआधीचा शेवटचा थांबा. दिवे टांगलेले होते ते खेळाडूंनी वापरलेल्या बॅटींना, आणि भिंती फोटोंनी गच्च भरलेल्या. गिऱ्हाइकांचा वाद हाताबाहेर जायला लागला की मॅकग्रीव्ही काउंटरवर हात आपटून ‘नफ सेड’ म्हणायचा, म्हणजे बास, आता पुढे बोलायचं नाही. त्यावर अपील नसे. लोक त्यालाच ‘नफ सेड’ म्हणायला लागले. ‘रॉयल रूटर्स’ नावाचा बोस्टनच्या चाहत्यांचा जो गट होता, त्याचा हा अड्डा. पुढे बोस्टनचे महापौर झालेले जॉन फिट्झजेराल्ड, म्हणजे अध्यक्ष केनेडींचे आजोबा, त्या गटात होते. १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये ही मंडळी पार पिट्सबर्गला गेली आणि तिथल्या मैदानावर ‘टेसी’ हे गाणं ओरडून ओरडून म्हणत राहिली.

१९२० मध्ये दारूबंदी आली, बार बंद झाला आणि त्या जागेत बोस्टन पब्लिक लायब्ररीची शाखा सुरू झाली. मॅकग्रीव्हीने जमवलेले फोटो आजही त्या लायब्ररीच्या संग्रहात आहेत. ते पाहताना माझं लक्ष सामन्यांच्या फोटोंपेक्षा बारमधल्या फोटोंकडेच जास्त गेलं. कारण बेसबॉल हा अर्धं वर्षच मैदानावर असतो. वसंतात सुरू झालेला हंगाम ऑक्टोबरमध्ये संपतो, आणि मग न्यू इंग्लंडच्या बर्फात पाच महिने एकही चेंडू पडत नाही. त्या पाच महिन्यांत चाहते करतात काय, तर बोलतात. पूर्वी खेड्यातल्या किराणा दुकानात लोखंडी शेगडीच्या भोवती खुर्च्या ओढून बोलत, न्हाव्याकडे बोलत, बारमध्ये बोलत. या गप्पांना इथं ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. या वर्षी का हरलो, पुढच्या वर्षी प्लेऑफमध्ये जाऊ का, आणि त्यासाठी कुठला पिचर कुणाला देऊन आणता येईल, हे तीन विषय शंभर वर्षं झाली तरी जुने होत नाहीत.

मी मूळचा इचलकरंजीचा. ऐंशीच्या दशकात बोस्टनजवळच्या लोवेलला प्लास्टिक इंजिनिअरिंग शिकायला आलो आणि नंतर वुस्टरच्या बाजूला एका मोल्डिंगच्या कारखान्यात लागलो. बेसबॉल मी मैदानावर शिकलो नाही, टूलरूममध्ये शिकलो. तिथं साचे बनवणारे एक वयस्कर कारागीर होते. ‘बोस्टन ग्लोब’मध्ये दर रविवारी पीटर गॅमन्स यांचं बेसबॉलच्या घडामोडींचं पानभर सदर येई. हे गृहस्थ ते पान कापून सोमवारी डब्याबरोबर घेऊन येत आणि दहाच्या सुट्टीत वाचून दाखवत. कुठला क्लब कुठल्या पिचरवर डोळा ठेवून आहे, कुणाचा करार संपतोय, कुणाच्या कोपराचं दुखणं लपवलं जातंय. मी क्रिकेटवर वाढलेला. आपल्याकडे मुंबईचा खेळाडू मुंबईचाच असे. संघ खेळाडू ‘देऊन टाकतो’ ही कल्पनाच मला तेव्हा पचत नव्हती.

चर्चा पिचरभोवतीच का फिरते, हे आधी सांगायला हवं. चेंडू फेकणारा पिचर आणि मारणारा बॅटर यांच्यात ६० फूट ६ इंच अंतर. चांगला बॅटर रोज खेळतो, पण एका सामन्यात त्याच्या वाट्याला चार-पाचच संधी येतात. सुरुवातीचा पिचर मात्र चार दिवस विश्रांती घेऊन पाचव्या दिवशी येतो, आणि त्या दिवशी तो खेळात असेपर्यंत प्रत्येक चेंडू त्याच्या हातातून सुटतो. १६२ सामन्यांच्या लांब हंगामात पाच बरे पिचर लागतात; ऑक्टोबरच्या छोट्या मालिकांमध्ये दोन उत्तम असले तरी भागतं. म्हणून प्लेऑफची आशा असलेला प्रत्येक गाव हिवाळ्यात एका पिचरची स्वप्नं पाहतो. त्यातून त्याचा हात हा मोडणारा अवयव. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला, आणि आज ती शस्त्रक्रिया त्या पिचरच्याच नावाने ओळखली जाते. जे सगळ्यांत मौल्यवान आणि सगळ्यांत नाजूक, त्याचाच सौदा सगळ्यांत जास्त होणार.

माझ्या वाचनात एक प्रश्न हळूहळू पक्का होत गेला. या सौद्यात खुद्द पिचरला कुणी विचारलं का? मला वाटतं, हॉट स्टोव्हचा खरा इतिहास या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

सुरुवात १८७९ ची. नॅशनल लीग तीन वर्षांची होती. त्या सप्टेंबरात बफेलो शहरात मालकांनी आपसांत ठरवलं, की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पगाराची चढाओढ थांबावी एवढाच हेतू. पुढे पाचाचे अकरा झाले, मग सगळेच. कराराचं वर्ष संपलं तरी खेळाडू त्याच मालकाचा, पुढच्या वर्षीही त्याचाच, आणि मालकाने विकला तर घेणाऱ्याचा. यालाच रिझर्व्ह क्लॉज म्हणतात. खेळाडूच्या हातात एकच हत्यार उरलं होतं: न खेळणं.

याविरुद्ध पहिला आवाज उठवणारा माणूस पिचरच होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जॉन माँटगोमेरी वॉर्ड याने १८८० मध्ये प्रॉव्हिडन्सकडून परफेक्ट गेम टाकला होता, म्हणजे समोरच्या एकाही बॅटरला बेसवर पोचू दिलं नव्हतं. हात दुखावल्यावर तो शॉर्टस्टॉप झाला आणि खेळता खेळता कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली. १८८७ मध्ये त्याने एका प्रतिष्ठित मासिकात लेख लिहून विचारलं, की बेसबॉल खेळणारा माणूस ही कुणाची जंगम मालमत्ता आहे काय. आमच्याकडच्या बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात आणि बैल शेजारी उभा राहून वैरण खात असतो. वॉर्डचा राग नेमका त्या चित्रावर होता. तो नुसता लिहून थांबला नाही. १८९० मध्ये त्याने खेळाडूंची स्वतंत्र लीग उभी केली. एकाच हंगामात ती पैशाअभावी कोसळली.

पण वॉर्ड वकील म्हणून पुन्हा उपयोगी पडला, तोही एका पिचरलाच. एमस रुसी हा इंडियानाचा धिप्पाड गडी न्यू यॉर्क जायंट्सकडून इतका वेगात फेके, की १८९३ मध्ये पिचरला मागे ढकलून ६० फूट ६ इंचांवर नेलं, त्यामागे त्याचाच धसका होता असं तेव्हापासून मानलं जातं. १८९५ च्या अखेरीस मालक अँड्र्यू फ्रीडमन यांनी त्याला २०० डॉलर दंड लावला. रुसी म्हणाला, दंड परत द्या, नाहीतर सही करत नाही. फ्रीडमन हटले नाहीत आणि रुसीही. १८९६ चा अख्खा हंगाम देशातला सगळ्यांत वेगवान पिचर घरी बसून राहिला. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा मात्र बाकीचे मालक घाबरले. न्यायाधीशाने रिझर्व्ह क्लॉजच उडवून लावला तर? त्यांनी वर्गणी काढून रुसीचे पैसे भागवले आणि खटला मागे घ्यायला लावला. रुसी परतला आणि १८९७ मध्ये २८ सामने जिंकला. कायदा जिथल्या तिथं राहिला.

याच रुसीवर पुढे जी पाळी आली, ती प्रत्येक हिवाळी गप्पेत आजही निघते. त्याचा हात दुखावला, दोन हंगाम तो खेळलाच नाही, आणि डिसेंबर १९०० मध्ये न्यू यॉर्कने त्याला सिनसिनाटीला देऊन वीस वर्षांचा एक पोरगा घेतला. रुसी सिनसिनाटीकडून तीन सामने खेळला, एकही जिंकला नाही, आणि संपला. पोरगा होता क्रिस्टी मॅथ्युसन. त्याने न्यू यॉर्कसाठी ३७२ सामने जिंकले आणि १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहा दिवसांत तीन वेळा प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवलं. पिचरच्या सौद्यात कोण फसला हे कळायला कधी वीस वर्षं लागतात. इथं पहिला हंगामच पुरला.

बोस्टनचा अनुभव वेगळा नव्हता. साय यंग १९०१ मध्ये बोस्टनला आला आणि इथं त्याने १९२ सामने जिंकले. नव्या काळातला पहिला परफेक्ट गेम त्याने १९०४ मध्ये बोस्टनच्याच मैदानावर टाकला. १९०८ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, तो २१ सामने जिंकला होता. फेब्रुवारी १९०९ मध्ये क्लबने त्याला दोन पिचर आणि १२,५०० डॉलर यांच्या मोबदल्यात क्लीव्हलँडला देऊन टाकलं. त्याच्यासाठी गाणी म्हणणारे रॉयल रूटर्स त्या आठवड्यात ‘थर्ड बेस’मध्ये काय बोलले असतील, याची नोंद कुठं नाही. मॅकग्रीव्हीला काउंटरवर बराच हात आपटावा लागला असणार.

यानंतर बोस्टनची जी लूट झाली ती सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण मला वाटतं चुकीच्या नावाने. २६ डिसेंबर १९१९ ला मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रुथला न्यू यॉर्क यँकीजना एक लाख डॉलरला विकलं. शिवाय तीन लाखांचं कर्ज घेतलं, आणि त्याला तारण दिलं खुद्द फेनवे पार्क, म्हणजे बोस्टनचं मैदान. रुथचे होम रन पुढे इतके गाजले, की त्याला विकल्यामुळे बोस्टनला लागलेल्या शापाची गोष्ट तयार झाली. टूलरूममधले आमचे गृहस्थ मात्र शापाचं नाव काढलं की चिडत. ‘शाप कसला पोरा, पिचर गेले आपले,’ असं ते म्हणत. सुरुवातीला मला हे त्यांचं खूळ वाटलं. मग आकडे पाहिले. खुद्द रुथ बोस्टनला होता तेव्हा लीगमधल्या उत्तम डावखुऱ्या पिचरांपैकी होता. १९१६ मध्ये त्याने २३ सामने जिंकले होते. रुथच्या विक्रीआधी, जुलै १९१९ मध्ये, कार्ल मेज चालू सामन्यात मैदान सोडून निघून गेला आणि थेट यँकीजकडे पोचला. डिसेंबर १९२० मध्ये वेट हॉयट गेला. पुढच्या डिसेंबरात जो बुश आणि सॅम जोन्स. जानेवारी १९२३ मध्ये हर्ब पेनॉक. १९२३ मध्ये यँकीजनी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या हंगामात त्यांनी जे ९८ सामने जिंकले, त्यांतले जोन्सच्या नावावर २१, पेनॉक आणि बुशच्या प्रत्येकी १९, हॉयटच्या १७, मेजच्या ५. म्हणजे ८१ विजय बोस्टनहून आलेल्या हातांचे. त्या वर्षी बोस्टन लीगमध्ये शेवटचं आलं. आमचे गृहस्थ बरोबरच होते.

याच काळातून एक नियम निघाला. १९२२ च्या जुलैत, शर्यत ऐन रंगात असताना, बोस्टनने जो डुगन हा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू यँकीजना दिला, आणि यँकीज सेंट लुईस ब्राउन्सपेक्षा अवघ्या एका सामन्याने पुढे राहिले. सेंट लुईसमध्ये एवढा संताप झाला, की पुढच्या वर्षीपासून १५ जूननंतर सरळ अदलाबदल बंद करण्यात आली. ती तारीख १९८६ मध्ये ३१ जुलैवर गेली. उन्हाळ्यातली सौद्यांची धावपळ या तारखेभोवती चालते. पण मोठा विचार करून केलेले सौदे हिवाळ्यातच होतात, विशेषतः डिसेंबरमध्ये सगळ्या क्लबांची माणसं एका हॉटेलात जमतात तेव्हा. या बैठकांची परंपरा १८७६ पर्यंत मागे जाते.

१९२२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली आणि रिझर्व्ह क्लॉजला पोलादी कवच मिळालं. पुढची पन्नास वर्षं चाहत्यांनी हव्या तितक्या गप्पा माराव्यात, मालकांनी हवे तितके सौदे करावेत, पिचरने सकाळचा पेपर वाचून आपण कुठल्या गावचे झालो ते बघावं. १९६६ च्या वसंतात लॉस एंजेलिसचे सँडी कुफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल या दोन पिचरांनी एकत्र येऊन सही करायला नकार दिला, कारण मालक एकेकट्याला गाठून दुसऱ्याचा पगार सांगून दाबत होते. अखेर कुफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० डॉलर मिळाले. दोघे मिळून मागत होते त्यापेक्षा बरेच कमी, पण त्या काळच्या मानाने प्रचंड. कोपरातल्या संधिवातामुळे कुफॅक्स त्याच वर्षाअखेर तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

१९६९ मध्ये कर्ट फ्लडला सेंट लुईसने फिलाडेल्फियाला दिलं. तो पिचर नव्हता, सेंटर फील्डमध्ये खेळणारा कृष्णवर्णीय खेळाडू होता, आणि त्याने जायला नकार देऊन खटला भरला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला आणि त्याची कारकीर्दही गेली. त्याचं ऋण सगळे मान्य करतात, मीही करतो. त्याच्या लढ्यामुळे एवढं झालं, की दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबमध्ये काढलेल्या खेळाडूला सौदा नाकारायचा अधिकार १९७३ च्या करारात मिळाला.

खरा दरवाजा उघडला तो तीन पिचरांनी. ओकलंडचा कॅटफिश हंटर याचा विम्याच्या हप्त्याचा पैसा मालकाने करारात लिहूनही भरला नाही. डिसेंबर १९७४ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निवाडा दिला, की करार मोडला, हंटर मोकळा. नॉर्थ कॅरोलायनातल्या अहॉस्की नावाच्या छोट्या गावातल्या वकिलाच्या कचेरीत सगळ्या देशातले क्लब हजर झाले. हिवाळी गप्पांमध्ये पहिल्यांदाच असं घडलं, की पिचर बसलेला आणि मालक रांगेत. ३१ डिसेंबरला त्याने यँकीजशी पाच वर्षांचा करार केला, तिसेक लाख डॉलरहून मोठा.

पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या अँडी मेसरस्मिथने पैशांबरोबर आणखी एक गोष्ट मागितली: मला न विचारता मला विकायचं नाही, हे करारात लिहा. क्लबने नकार दिला. त्याने सही न करता १९७५ चा पूर्ण हंगाम खेळून दाखवला आणि म्हटलं, आता वर्ष संपलं, मी तुमचा नाही. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांना भीती होती, की क्लब ऐन वेळी मोठी रक्कम देऊन मेसरस्मिथला फोडेल आणि प्रकरण मिटवून टाकेल. म्हणून त्यांनी दुसरं नाव शोधलं, माँट्रियलच्या डेव्ह मॅकनॅलीचं. त्याने त्या जूनमध्येच खेळ सोडून माँटानातल्या बिलिंग्जला घर गाठलं होतं, पण निवृत्तीच्या कागदावर सही केलेली नव्हती. माँट्रियलचे प्रमुख विमानाने बिलिंग्जला गेले आणि नुसत्या सहीसाठी २५ हजार डॉलर हातावर ठेवायला तयार झाले. मॅकनॅलीने घेतले नाहीत. त्याला पुन्हा खेळायचं नव्हतं, या निकालातून त्याला एक डॉलर मिळणार नव्हता, आणि पुढे तो एकही चेंडू टाकायला परतला नाही. २३ डिसेंबर १९७५ ला साइट्झ यांनी दोघांच्या बाजूने निकाल दिला. मालकांनी साइट्झ यांना लगोलग काढून टाकलं, पण निकाल टिकला. बेसबॉलच्या पुतळ्यांमध्ये आणि ताम्रपटांमध्ये होम रनवाल्यांची गर्दी आहे; मला विचाराल तर बिलिंग्जमधल्या त्या नकाराची जागा त्यांच्या बरोबरीची आहे.

मोकळेपणाचा चटका चाहत्यांनाही बसला, हेही खरं. क्युबाचा लुई टियांट फेनवेवर देवासारखा होता. चेंडू टाकण्याआधी तो गर्रकन वळायचा आणि बॅटरकडे पाठ करायचा. १९७८ मध्ये बोस्टन जुलैत न्यू यॉर्कच्या १४ सामने पुढे होतं आणि सगळी आघाडी उडाली. हंगामाच्या शेवटच्या दिवशी टियांटने टोरांटोला दोनच हिट देऊन ५-० ने हरवलं आणि बरोबरी साधली. दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, निर्णायक सामन्यात बकी डेंटच्या होम रनने बोस्टन संपलं. आणि नोव्हेंबरात टियांट यँकीजकडे निघून गेला, कारण बोस्टन त्याच्या वयाला हवा तेवढा करार देईना. आमचे टूलरूमवाले हे सांगताना चहाचा कप खाली ठेवत. टियांटवर त्यांचा राग नव्हता. ‘तो गेला नाही, त्याला जाऊ दिलं,’ एवढंच म्हणत. मालक विकतो तेव्हा दुःख वेगळं असतं आणि माणूस स्वतः निघून जातो तेव्हा वेगळं. हॉट स्टोव्हला १९७६ नंतर हे दुसरं दुःखही शिकावं लागलं.

दरम्यान प्लेऑफच पसरत गेले. १९६८ पर्यंत दोन लीगचे दोन विजेते थेट वर्ल्ड सिरीज खेळत. १९६९ मध्ये चार संघ झाले, १९९५ मध्ये आठ, २०१२ मध्ये दहा, २०२२ पासून बारा. पूर्वी ऑगस्टातच बहुतेक गावांच्या आशा विझत. आता सप्टेंबरपर्यंत तगतात, आणि म्हणूनच लोक आज मिळणाऱ्या पिचरसाठी उद्याची पोरं द्यायला तयार होतात. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइटने डॉइल अलेक्झांडर हा पिचर आणला (३१ जुलैनंतरही, बाकीच्या क्लबांनी खेळाडूवर हक्क सांगितला नाही, तर तेव्हा सौदा करता येई). तो ९-० राहिला, डेट्रॉइटने आपला विभाग जिंकला. बदल्यात गेलेला जॉन स्मोल्ट्झ हा मिशिगनचाच मुलगा अटलांटाकडून हॉल ऑफ फेममध्ये पोचला. ऑगस्ट १९९० मध्ये बोस्टनने लॅरी अँडरसन या राखीव पिचरसाठी जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. अँडरसन इथं १५ सामन्यांत दिसला. बॅगवेलही हॉल ऑफ फेममध्ये आहे. हा सौदा आमच्या कारखान्यात इतक्या वेळा उकरला गेला, की नव्याने लागलेल्या कामगारालाही तो तोंडपाठ होई. मी त्यावर बाकीच्यांहून थोडा मवाळ आहे. १९९० मध्ये बोस्टन खरोखर प्लेऑफमध्ये गेलं, आणि त्या सप्टेंबरात अँडरसनचा एकेक डाव लागत होता.

उलट बाजूही आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये माँट्रियलला पेड्रो मार्टिनेझचा पगार परवडेना, म्हणून बोस्टनने दोन तरुण पिचर देऊन त्याला आणलं. १९९९ आणि २००० मध्ये त्याने जे केलं तसं पिचिंग मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, बोस्टनचे तरुण जनरल मॅनेजर थिओ एप्स्टाइन अ‍ॅरिझोनात कर्ट शिलिंगच्या घरी जाऊन बसले. दोन क्लबांमध्ये सौदा ठरला होता. पण शिलिंगच्या करारात नकाराचा अधिकार होता, तोच जो मेसरस्मिथला मिळाला नव्हता. शिलिंगने एजंट ठेवला नाही, स्वतःच बोलला. सणाचं जेवण त्याच्याच घरी झालं. त्याने मागून घेतलेली एक अट अशी, की बोस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली तर २००७ चं वर्ष आपोआप पक्कं. ऑक्टोबर २००४ मध्ये, आधीच्या फेरीत यँकीजविरुद्ध तीन सामने हरल्यावर चार जिंकून, १९१८ नंतर पहिल्यांदा बोस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि शिलिंगचं ते वर्षही पक्कं झालं. टूलरूममधल्या आमच्या गृहस्थांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, ‘पिचर होते की नाही?’

आता आमच्या शहरातल्या मराठी मंडळींचाही एक हिवाळी कट्टा आहे. मुलांमुळे बेसबॉल शिकलेले आईबाप आणि इथंच जन्मलेली मुलं एकाच टेबलावर भांडतात. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस बोस्टनने ख्रिस सेलला अटलांटाला दिलं, त्याच्याच होकाराने, आणि पुढच्या हंगामात तो लीगमधला सर्वोत्कृष्ट पिचर ठरून साय यंग पुरस्कार घेऊन गेला. एका मुलीने त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही हिवाळ्यात आमच्यापैकी कुणाला हे विसरू दिलं नाही. मग ११ डिसेंबर २०२४ ला, डॅलसच्या बैठकीत, शिकागो व्हाइट सॉक्सचा गॅरेट क्रोशे आला. बदल्यात चार तरुण गेले. टेबलावर जल्लोष झाला. मीही ओरडलो. पण त्या चारांत ब्रेडन माँटगोमेरी होता. जुलैत बोस्टनने त्याला पहिल्या फेरीत निवडलं, घोट्याच्या दुखापतीमुळे तो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही, आणि डिसेंबरात तो शिकागोचा झाला. छोट्या लीगमधल्या खेळाडूंना २०२२ मध्ये संघटना मिळाली, २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार, पगारही वाढले. कुठं जायचं हे विचारण्याची सोय त्यात नाही. क्रोशेलाही कुणी विचारलं नव्हतं; मोकळं होण्यासाठी मोठ्या लीगमध्ये जी सहा वर्षं काढावी लागतात, ती त्याची भरली नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये त्याने स्वतःच्या सहीने बोस्टनशी सहा वर्षांचा, १७ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तो खऱ्या अर्थाने आमचा झाला असं मी मानतो.

तेव्हापासून कट्ट्यावर कुणी ‘दोन पोरं देऊन एखादा पिचर आणा’ म्हणालं, की मी त्या पोरांची नावं विचारतो, गावं विचारतो, आणि कुठल्या संघातून कुठं पाठवायचं तेही विचारतो. आता मुलं ती माहिती आधीच काढून येतात, आणि वाद पूर्वीपेक्षा लांबतो.